पुसलेली अंडी

सुरुवातीला फक्त दोनच अंडी होती. पुढे सगळं अंगाशी आल्यावर लुद्विक स्वतःला हेच बजावत असे, की बाबा रे, दोनच होती. तीही रीतसर विकत आणलेली. आता विकत आणलेली अंडी माणूस फडताळात ठेवतो, त्यानं ती खुराड्यात नेऊन ठेवली, एवढाच काय तो गुन्हा. (वर थोडा पेंढाही पसरला होता. तेही खरंच म्हणा.)

पण बिचारा करणार काय? डिसेंबर लागला होता, आणि पोलंडच्या ईशान्य टोकाला, ओल्शांका गावात, डिसेंबरातला सूर्य सरकारी साहेबासारखा वागतो. उशिरा येतो, कुणाकडे बघत नाही आणि चहाच्या वेळेआधी घरी जातो. अशा अंधारात कोंबड्या अंडी घालत नाहीत. अंग फुगवून एका रांगेत बसून राहतात. दाणे मात्र वेळच्या वेळी खातात, आणि नेमकं हेच सासूबाईंच्या डोळ्यांत खुपत होतं.

सासूबाई म्हणजे गेनोवेफाबाई. घर त्यांचं, खुराडं त्यांचं आणि कुऱ्हाडही त्यांचीच. लुद्विक गावच्या पोस्टात कारकून होता, आणि घरात हालिनाचा नवरा होता.

"महिना झाला, फुकट गिळतायत मेल्या," एका शुक्रवारी गेनोवेफाबाईंनी जाहीर केलं. "परवा रविवारी सूप. पहिली ती जाडी."

जाडी म्हणजे काउंटेस. आता इथं एक गोष्ट सांगावी लागणार, आणि ती सांगितलेली लुद्विकला अजिबात आवडणार नाही. पन्नाशी उलटलेल्या या माणसाचा त्या कोंबडीवर जीव होता. पोस्टातून आला की तो खुराड्यामागच्या ओंडक्यावर बसे, काउंटेस तुरुतुरु येऊन त्याच्या मांडीवर चढे, आणि मग पोस्टमास्तरांबद्दल तो तिला जे काही सांगे ते त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. माणसानं कोंबडीपुढे मन मोकळं करावं याची त्याला लाज वाटे. पण मोकळं करायचा थांबत नसे.

तसा आधी त्यानं सरळ मार्गच धरला होता. उजेड वाढला की कोंबड्या हिवाळ्यातही घालतात असं त्यानं कुठंसं वाचलं, म्हणून खुराड्यात बल्ब लावला. गेनोवेफाबाईंनी तो तासाभरात काढला.

"दिवा कशाला? परीक्षा आहे का त्यांची?"

"तसं नाही, आई. त्यांना दिवस मोठा वाटायला हवा."

"मला तर तू बोलायला लागलास की दिवस मोठा वाटतो, मी घालते का अंडी? माझ्या आईच्या कोंबड्यांना दिवा माहीत नव्हता. कुऱ्हाड माहीत होती. मुकाट्यानं घालायच्या!"

म्हणून मग शनिवारी लुद्विक बसनं तालुक्याला गेला आणि मोठ्या दुकानातून अंडी घेऊन आला. घरी येऊन पिशवी उघडतो तर प्रत्येक अंड्यावर लाल शिक्का! दुकानातल्या अंड्यावर शिक्का असतो हे त्याला काय माहीत नव्हतं? जन्मभर खात आला होता. पण माणूस घाबरला की जन्मभराचं विसरतो. शिक्क्यातला पहिला आकडा तीन, म्हणजे पिंजऱ्यातली कोंबडी, हे तिथं शेंबडं पोरही सांगेल. आणि खोक्यावर नाव कुणाचं? कुच्कोचं.

हे तर फारच झालं. या कुच्कोनं तरुणपणी एका लग्नात गेनोवेफाबाईंना सोडून त्यांच्या धाकट्या बहिणीला नाचायला नेलं होतं. तेव्हापासून त्या घरात कुच्कोचं नाव निघत नसे, आणि त्यानं कोंबड्यांचा कारखाना काढल्यापासून त्याचं अंडंही उंबरा ओलांडत नसे. "पाणी भरलेलं असतं त्यात, पाणी!" असं गेनोवेफाबाई बाजारात ओरडून सांगत.

लुद्विकनं फडक्यावर व्हिनेगर घेतलं, न्हाणीघराला आतून कडी लावली आणि शिक्के पुसायला बसला. पोस्टात जन्मभर शिक्के मारले, आता पुसतोय, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच कीव आली.

रविवारी सकाळी गेनोवेफाबाई कुऱ्हाड घेऊन खुराड्यात शिरल्या आणि दोन अंडी घेऊन बाहेर आल्या.

"हालिना! अगं, जाडीनं घातलं!"

त्यांनी तिथल्या तिथं एक अंडं फोडलं, बलक साखर घालून पांढरा होईपर्यंत फेटला आणि डोळे मिटून चमचा तोंडात धरला.

"हे बघ, लुद्विक. याला म्हणतात घरचं अंडं. नाहीतर तो कुच्को! माझी जीभ कुणी फसवू शकत नाही."

"नाही, आई," लुद्विक बुटांकडे बघत म्हणाला.

त्या दिवशी सूप बटाट्याचं झालं, आणि काउंटेस वाचली. लुद्विकनं ठरवलं, बस्स, झालं काम. पण सोमवारी खुराडं रिकामं निघालं तेव्हा सासूबाईंची नजर पुन्हा कुऱ्हाडीकडे वळली. मंगळवारी पुन्हा दोन ठेवावी लागली. बुधवारी वाटलं, दोनच कशी, बाकीच्या काय करतात असं विचारतील, म्हणून चार. आणि मग गेनोवेफाबाईंनी गावात सांगितलं.

गावातल्या बायकांच्या मंडळात खळबळ उडाली. नाताळ तोंडावर, केकला अंडी हवीत, साऱ्या गावाच्या कोंबड्या संपावर, आणि गेनोवेफाच्या तेवढ्या घालतायत! एकेक जण येऊन अंडी मागून नेऊ लागली, चाखू लागली, वाहवा करू लागली. गेनोवेफाबाईंनी फादर इग्नात्सींना टोपलीभर पाठवली. फादरनी त्याचं ऑम्लेट खाल्लं, आणि पुढच्या रविवारी प्रवचनात, भर चर्चमध्ये, म्हणाले, "काळोखाच्या दिवसांतही आपलं काम न सोडणारे जीव असतात. फार लांब जायला नको. गेनोवेफाबाईंच्या कोंबड्याच घ्या."

सगळं चर्च वळून त्यांच्या बाकाकडे बघू लागलं. गेनोवेफाबाईंनी रुमाल सारखा केला. लुद्विकला वाटलं, धरणीनं आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावं. (धरणी गोठून दगड झाली होती. तिनं काही घेतलं नाही.)

त्याला जेवण जाईना. कुणी "काय म्हणतात कोंबड्या?" असं विचारलं की तो लालेलाल होई. रोज सकाळी दाणे घालायच्या निमित्तानं तो अंडी पेरायला जाई, तेव्हा काउंटेस मान वाकडी करून त्याच्याकडे बघे. तिलाही हे पसंत नसावं असं त्याला वाटे. त्यात हाताला, सदऱ्याला, मिशीला, सगळीकडे तो आंबट वास. आणि वासावर नजर कुणाची? बायकोची.

नाताळ झाल्यावर एका संध्याकाळी हालिनानं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तिचे डोळे भरले होते.

"खरं सांग. तू प्यायला लागलास ना?"

"मी? काहीतरीच काय!"

"सकाळी सकाळी कुठं जातोस? हात थरथरतात. आईच्या डोळ्याला डोळा देत नाहीस. आणि हा आंबट वास! माझे बाबासुद्धा रात्रीची उतरावी म्हणून सकाळी काकड्यांच्या लोणच्याच्या बरणीतलं आंबट-खारं पाणी प्यायचे. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

लुद्विकनं तोंड उघडलं. खरं सांगावं तर रविवारी काउंटेस पातेल्यात. त्यानं तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं आणि म्हणाला, "हो. पितो."

हालिना हुंदके देऊन रडली, आणि आपण न केलेल्या पापाची लाज केलेल्या पापापेक्षा जास्त वाटते हे लुद्विकला त्या दिवशी कळलं. मग तिनं डोळे पुसले आणि कामाला लागली. पाहुण्यांसाठीची व्होडका मोरीत ओतली. काकड्यांचं खारं पाणी ओतलं. आणि वास लपवायला काही उरू नये म्हणून व्हिनेगरच्या बाटल्याही ओतल्या, अगदी शेवटच्या थेंबापर्यंत.

"नाताळानंतर फादर आशीर्वाद द्यायला घरोघर फिरतात ना, उद्या आपल्याकडे येतायत. त्यांच्यासमोर शपथ घ्यायची, यापुढे थेंबालाही शिवणार नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी लुद्विकनं अंडी थुंकी लावून पुसली, साबणानं पुसली, दातांनीसुद्धा खरवडून पाहिली. शिक्का हलेना. शेवटी शिक्क्याची बाजू खाली करून ती काउंटेसच्या पोटाखाली सारली. "उठू नकोस," तो तिला हात जोडून म्हणाला. "फादर जाईपर्यंत उठू नकोस, बाई."

घरात टेबलावर पांढरं कापड, क्रूस, मेणबत्त्या, पवित्र पाण्याची वाटी, सगळं सज्ज होतं. फादर इग्नात्सी बर्फ झटकत आत आले. हालिना नवऱ्याला कोपरानं ढोसू लागली, पण गेनोवेफाबाई मध्ये पडल्या.

"आधी खुराडं, फादर! उजेड जाईल. ज्या कोंबड्यांचं नाव तुम्ही देवाच्या घरात घेतलंत, त्यांना आशीर्वाद नको?"

सगळी वरात खुराड्यापाशी गेली. फादरनी दोन शब्द म्हटले आणि पाणी शिंपडलं. त्या थंडीत ते पाणी काउंटेसच्या थेट डोक्यावर पडलं. ती किंचाळत उठली, पंख फडफडले, एक अंडं घरंगळत आलं आणि फादरच्या बुटाला लागून थांबलं. फुटलं असतं तरी बरं होतं.

फादरनी ते उचललं. खिशातून चष्मा काढला, लावला, अंडं उजेडाकडे धरलं.

"गेनोवेफाबाई," ते हळूच म्हणाले, "तुमच्या कोंबड्या लिहायला कधी शिकल्या?"

"काय?"

"तीन आकडा आहे. पुढे पीएल. पुढे बरंच काही."

हालिनाच्या हातातली मेणबत्ती विझली. गेनोवेफाबाईंनी अंडं हिसकावून घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं, आणि सगळ्यांनी लुद्विककडे बघितलं. त्याच्या कानातून वाफा निघत होत्या.

"मी पीत नाही, फादर," तो कसाबसा म्हणाला. "मी अंडी पुसतो."

आणि मग त्याच्यानं थांबवेना. सूप, बस, शिक्का, व्हिनेगर, सगळं तो बर्फात उभा राहून भडाभडा ओकला. "मला या कोंबडीला मरू द्यायचं नव्हतं, आई," तो शेवटी म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "हसा मला. पण नव्हतं द्यायचं."

कुणी हसलं नाही. "अरे मेल्या, मी रात्रभर रडले!" हालिना म्हणाली, आणि इतक्या आनंदानं म्हणाली की लुद्विकला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुणाची?" गेनोवेफाबाईंनी विचारलं. "अंडी कुणाची आहेत?"

लुद्विकनं मान आणखी खाली घातली. "कुच्कोची."

गेनोवेफाबाई मटकन ओंडक्यावर बसल्या. फेटलेला प्रत्येक बलक, बाजारातलं प्रत्येक व्याख्यान त्यांच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसलं. फादरनाही आपलं प्रवचन आठवलं होतं.

"मी उद्याच गावात सगळ्यांना सांगतो," लुद्विक म्हणाला. "एकेकाच्या घरी जाऊन माफी मागतो. मला आता सहन होत नाही."

"खबरदार!" गेनोवेफाबाई ताडकन उठल्या. "आता याला खरं बोलायचंय! साऱ्या गावानं खाऊन झाल्यावर! मला त्या कुच्कोसमोर तोंड दाखवायचंय की नाही? काय हो फादर?"

फादरनी चष्मा काढून खिशात घातला. "चष्म्याशिवाय मला अंड्यावरचं काही दिसत नाही," ते म्हणाले. "आणि अजून बरीच घरं व्हायची आहेत."

"ऐकलंस? वसंत येईपर्यंत चालू ठेवायचं. हालिना, शेजारून व्हिनेगर माग."

"शेजारी कशाला म्हणून विचारतील ना!" हालिना म्हणाली, आणि तिनं जीभ चावली. "त्यांना मी सांगून बसलेय, हा पितो म्हणून."

"मग पितोच," गेनोवेफाबाईंनी निकाल दिला. "कारण तरी सापडलं वासाला."

तर असा सगळा हिवाळा गेला. कोंबड्या नावाजलेल्या, त्यामुळे त्यांना कोण मारतो? काउंटेस आणखी जाड झाली. लुद्विक मात्र गावातला सुधारू पाहणारा दारुडा झाला. पोस्टात बायका त्याच्या हातावर हात ठेवून म्हणत, "धीर धरा, लुद्विक, जमेल." आणि तो मान खाली घालून म्हणे, "प्रयत्न करतोय."

मग दिवस लांबला. फेब्रुवारी सरता सरता एका सकाळी, लुद्विकनं काही ठेवण्याआधीच, काउंटेस आरडाओरडा करत उठली आणि तिच्याखाली एक अंडं होतं. गरम. कुठंही शिक्का नाही. लुद्विकनं ते दोन्ही हातांत धरून स्वयंपाकघरात आणलं. त्याला रडू येत होतं.

"आई, हे खरं आहे. देवाशप्पथ. हिनं घातलंय."

गेनोवेफाबाईंनी आधी अंडं नाकाशी नेऊन व्हिनेगरचा वास घेतला. मग फोडलं, साखर घालून बलक सावकाश फेटला, चमचा तोंडात धरला आणि डोळे मिटले. लुद्विक श्वास रोखून उभा राहिला.

त्यांनी डोळे उघडले. वाटी त्याच्याकडे सरकवली आणि दाराकडे बघून, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करून घेतली.

"कुच्कोचं बरं होतं," त्या म्हणाल्या.