अप्पांची संदूक

आमचे शेजारी महालिंगअप्पा 'जेवण झालं का?' या प्रश्नालाही आधी मागेपुढे बघतात, मगच उत्तर देतात. जन्मभर सेलूच्या कॉलेजात त्यांनी कॉम्प्युटर शिकवला आणि निवृत्तीनंतर स्वतःच्या पत्रांसाठी कुलपाची संदूक बनवली. संदूक म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, आणि तो ठेवलाय माझ्या घरात. का, तर "घरचं गुपित घरात ठेवू न्हाई, गुरुजी."

कुलूप म्हणजे आकड्यांचं एक सूत्र, ते जगजाहीर; कुणीही त्यात बंद करून पत्र टाकावं. किल्ली मात्र एकट्या अप्पांकडे. काही शोधायचं असलं की ते घरून एक चिठ्ठी पाठवतात. तिच्यात शब्द असतो, पण आकड्यांच्या गिचमिडीत. माझ्याकडचा तो कॉम्प्युटर ती प्रत्येक बंद पत्राला लावतो, किती पत्रांत शब्द सापडला एवढंच मला सांगतो आणि ती पत्रं तशीच बंद अप्पांकडे धाडतो.

"पत्रं तुमच्यापाशी, चिठ्ठी तुमच्यापाशी, तरी तुमाला पत्ता न्हाई. लय पक्कं काम हाय."

हे ऐकून ऐकून माझे कान किटले. त्यात रोज सकाळी सातला तीच ती चिठ्ठी यायची, आणि उत्तर कायम शून्य. मीही गणिताचा मास्तर. कुलूप सगळ्यांचंच, मग मीही एकेक शब्द त्यात बंद करून त्या चिठ्ठीशी जुळतो का, बघत बसलो. सेलूतला म्हातारा शोधून शोधून शोधणार काय? पेन्शन, बीपी, कापूस, मोतीबिंदू. किल्ली सापडत नाही हो, पण माणसाचे शब्द चार-दोनच असतात.

जुळला तो 'तिकीट'.

त्यांची एकुलती एक मुलगी सुधा बेंगळुरूला असते. काकू गेल्या तेव्हा आली, ती तेवढीच. 'तिकीट काढलं की कळवते' म्हणाली होती. हे अप्पांनीच मला हसत सांगितलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठीत डोकावल्याची लाजही वाटली.

मग मीच एक पत्र टाकलं : 'अप्पा, रविवारी गंगाखेडला जाऊ, गोदावरीवर. तुमचं तिकीट मी काढतो.'

दुसऱ्या दिवशी सातला पहिल्यांदाच शून्याऐवजी उत्तर आलं, एक. थोड्या वेळात अप्पा दारात, कपाळावर भस्म तसंच ओलं.

"शब्द काढला तुमी."

"काढला. शब्द थोडेच होते, अप्पा."

"तिथंच फुटतंय ते. आमाला म्हाईत होतं." ते खुर्चीत बसले. "पण म्हाताऱ्यासाठी एवढं डोकं कोण लावतंय, वाटलं."

मग गाडी कितीची आहे, ते विचारलं.

रविवारी जाऊन आलो. सोमवारी सातला पुन्हा तीच चिठ्ठी आली. आता रोज एक पत्र सापडतं. माझंच.