नेव्हिलची थांबायची सवय

या, जवळ सरकून बसा. दोन जिवलग मित्र समोरासमोर आले आणि मुके झाले, त्याची गोष्ट सांगतो. शेवट गोड आहे, अगदी खोबरं लावलेला.

ऑस्ट्रेलियातल्या सेडुना गावापलीकडच्या मेंढ्यांच्या कुरणावर राहणारी मेरिन आणि दूर होबार्ट शहरातला नेव्हिल मिळून ‘उशीखालचं पुस्तक’ हा पॉडकास्ट करत. वाणी देवाची देणगी खरी, पण मेरिनच्या घरी ती उपग्रहावरून, अंमळ उशिराच पोचायची. म्हणून दोघांनी शिस्त लावून घेतली होती. समोरच्याचं संपलं असं वाटलं तरी जरा थांबायचं, मगच तोंड उघडायचं. मधल्या शांतता नेव्हिल नंतर कापून टाकी, आणि ऐकणाऱ्यांना वाटे, काय ही हजरजबाबी जोडी!

दोघं कधी भेटले नव्हते. सेडुनाच्या हॉलमध्ये लोकांसमोर ध्वनिमुद्रण ठरलं, नेव्हिल विमानाने आला आणि मेरिन धास्तावली. त्या ओसाड कुरणावर तिला हा एकच पुस्तकांवर बोलणारा सोबती. भेटल्यावर त्याला ती कंटाळवाणी वाटली तर?

हॉल भरला. मेरिनने पहिला प्रश्न टाकला. तिचं संपलं की नाही याची खात्री करायला नेव्हिल थांबला. उत्तराची वाट बघत मेरिन थांबली. शेवटी हातभर अंतरावरच्या माणसाला तिने विचारलं, “ऐकू येतंय का रे?”

नेमका तेव्हाच तो बोलायला लागला. दोघंही दचकून गप्प.

“तू बोल.”

“नाही, तू बोल.”

पुन्हा शांतता. मेरिनचे कान तापले. संपलंच सगळं, असं तिला वाटलं.

चहापाण्याचं बघणारी तिची डल्सीमावशी पुढच्या रांगेतून उठली. “माझ्या नवऱ्याशीसुद्धा मी एवढं अवघडून बोलत नाही, आणि तो जाऊन बरीच वर्षं झाली. ऊठ रे बाबा नेव्हिल. हॉलमागच्या माझ्या स्वयंपाकघरात जाऊन बस आणि तिथून लाव हिला तुमचा तो उपग्रहावरचा फोन.”

नेव्हिल गेला. भिंतीपलीकडचा त्याचा आवाज आकाशात जाऊन उशिरा परत आला आणि गाडी रुळावर आली. मेरिनचे टोमणे, नेव्हिलच्या कोपरखळ्या. हॉल हसून हसून लोळला.

मग सगळे चहाला आत शिरले. डल्सीमावशीने ताटांवरची फडकी उचलली. सकाळपासून खपून केलेले लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेटात बुडवून खोबऱ्यात घोळवलेले केक, गायब होते. ताटात चॉकलेटचे डाग, नेव्हिलच्या दाढीत खोबरं.

मेरिन बघतच राहिली. “म्हणजे इतकी वर्षं मी बोलत असताना तू खात होतास?”

नेव्हिल सवयीने जरा थांबला. घास गिळला. “माइक बंद करून. आणि फक्त मधल्या वेळात.”

“तरीच मेल्या तू इतकं शहाण्यासारखं ऐकून—”

“तू बोलतेसच इतकं लांब की—”

या खेपेला कोणीच थांबलं नाही. ताटं विसळेपर्यंत दोघं एकमेकांचं बोलणं तोडत राहिले.

तेव्हा मंडळी, तुमचं बोलणं कोणी फारच मन लावून, गप्प राहून ऐकू लागलं, तर डल्सीमावशीची आठवण ठेवा. त्या दिवशी तिच्या वाट्याला नुसता चहा आला.