भागीरथीबाईंच्या सनदेची बखर

॥ श्री ॥ सकल कारभाराचा पिता जो कागद, जो खरे आणि खोटे सारख्याच ममतेने अंगावर घेतो, त्यास प्रथम नमन करोन लिहिण्यास आरंभ केला. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राज्यात वर्तमान ऐसे वर्तले की, समुद्रापलीकडील मदतगार मंडळींचा खलिता आला. मजकूर की, तुमचे राज्यास नळाचे पाणी, दवाखाने आणि शाळा यांकरिता मदत देऊ, परंतु आधी तुमचे राज्यात बायका आणि पुरुष एका पायरीवर उभे आहेत की नाहीत, त्याविषयी धोरण काय, आणि ते अमलात आहे की पेटीत आहे, याची परीक्षा घेऊ; परीक्षेत उतरलात तर मदत, न उतरलात तर रामराम. हे ऐकता दिवाण हैबतराव यांची पाचावर धारण बसली, कारण की धोरण पेटीतही नव्हते.

खलिता वाचोन दाखविला तो भागीरथीबाईंनी. दप्तरी दुभाषी म्हणोन नाव त्रिंबकपंतांचे, आणि बाई या त्यांचे थोरले बंधू कैलासवासी नारोपंत यांचे कुटुंब. नारोपंत दुभाषी होते. त्यांनी हौसेने बायकोस परकी भाषा शिकविली आणि मग अकाली वारले. तेव्हा दुभाषीपणाची सनद धाकट्या भावाचे नावे झाली, कारण बाईमाणसाचे नावे सनद लिहिण्याचा रिवाज नव्हता, आणि काम बाईंकडे आले, कारण त्रिंबकपंतांस परक्या भाषेतले ‘थँक्यू’ तेवढे येई, तेही खोकला आल्यासारखे. ऐसी एकोणीस वर्षे गेली. बाई बोलत आणि दप्तरी लिहिले जाई की, दुभाषी त्रिंबकपंत बोलिले. बाईंनी ते सोसले. परंतु त्या वर्षी त्रिंबकपंत ओसरीवर सुपारी कातरीत बसले असता म्हणाले, “वहिनी, जावईबापू आता शिकून तयार झालेत. पाडव्याला सनद त्यांच्या नावे करून देतो म्हणतो. तुम्ही पुष्कळ केलंत, आता देवदेव करा.” बाई म्हणाल्या, “भाऊजी, आणि खाऊ काय?” ते म्हणाले, “आम्ही आहोत ना.” त्या ‘आम्ही आहोत ना’चा अर्थ बाईंस पुरता ठाऊक होता: मागच्या खोलीतली खाट आणि मागितल्यावर मिळणारा चहा. तेव्हा बाईंनी मनात धरिले की, सनद आपल्या नावे झाली पाहिजे, आणि ती पाडव्याआधी झाली पाहिजे.

मग दिवाणसाहेब बाईंस म्हणाले, “बाई, त्या लोकांना काय रुचतं ते तुम्हालाच ठाऊक. आठदहा कलमांचं एक झकास धोरण त्यांच्या भाषेत लिहून काढा.” बाईंनी विचारले, “आणि आपल्या भाषेत?” दिवाणसाहेब हसले आणि म्हणाले, “आपल्या भाषेत कशाला? आपल्याला का त्यातून पैसे मिळायचेत?” मग बाईंनी चार दिवस बसोन दहा कलमे लिहिली, आणि सातवे कलम लिहिताना त्यांचा हात क्षणभर थांबला आणि मग झरझर चालला. ते कलम ऐसे की, या राज्यात जी स्त्री जे काम करील, त्या कामाची सनद तिचेच नावे राहील. दिवाणसाहेबांनी न वाचता शिक्का मारिला, कारण वाचता येत नव्हते. ऐसे राज्याचे धोरण सिद्ध जाहले, आणि ते साऱ्या दरबारात एका बाईवाचोन कोणास वाचता येत नव्हते. बाई म्हणाल्या, “साहेब, सातव्या कलमाप्रमाणे माझी सनद तेवढी करून द्यावी.” दिवाणसाहेब म्हणाले, “परीक्षा पार पडू द्या, बाई. मग तुमचंच आधी.” बाई आशेस लागल्या. एकोणीस वर्षांचा अनुभव गाठी असोन आशेस लागल्या, याचा त्यांना पुढे फार राग आला.

पौषात मदतगार मंडळी विमानातून उतरली. मुख्य होत्या हेल्गा मडम, केस पांढरे, पायी मळके बूट, आणि नजर मात्र कनवाळू. दिवाणखान्यात उजव्या अंगास बारा खुर्च्या मांडोन त्यांवर कारभाऱ्यांच्या बायका, मेहुण्या आणि एक विहीण ऐशा अधिकारी म्हणोन बसविल्या होत्या, आणि त्यांना नुसते हसावयास सांगितले होते. त्या बिचाऱ्या हसत होत्या. मग मडमेने एकेक कलम पुसावे आणि दिवाणसाहेबांनी हो म्हणावे, आणि बाईंनी इकडचे तिकडे करावे, ऐसे सहा कलमांपर्यंत सुरळीत चालले. सातव्यास मडम म्हणाली, “हे कलम आम्ही कोठे पाहिले नाही. हे अमलात आहे, याचा एक दाखला द्यावा.” बाईंनी ते दिवाणसाहेबांस आपल्या भाषेत सांगितले, तेव्हा आपल्या राज्याचे सातवे कलम काय आहे हे दिवाणसाहेबांस प्रथमच कळले. ते मिशीत हसोन म्हणाले, “दाखला कशाला शोधायचा? समोरच बसलाय. सांगा त्यांना, या बाई दुभाषी, यांची सनद यांच्याच नावे आहे.”

वाक्य लहान, भाषांतर सोपे. परंतु बाईंच्या ध्यानी आले की, हे आपण आपल्या तोंडाने सांगितले की सनद मिळाल्याचे कागदावर चढेल, आणि जी मिळाली आहे ती पुन्हा कोण देणार? आणि खरे सांगितले तर राज्याची मदत बुडेल, दिवाण सूड घेईल, आणि मागच्या खोलीतली खाटही राहावयाची नाही. सर्व दरबार बाईंच्या तोंडाकडे पाहत होता आणि एकासही त्या तोंडातून काय निघेल ते समजणार नव्हते. मग बाई परक्या भाषेत सावकाश, नेहमीच्याच सुरात बोलिल्या, “दिवाणसाहेब म्हणतात, माझी सनद माझ्या नावे आहे. हे दिवाणसाहेब म्हणतात. मी म्हणते, ते खोटे आहे. एकोणीस वर्षे काम मी करिते आणि नाव माझ्या दिराचे आहे. त्या खुर्च्यांवरच्या बायका अधिकारी नाहीत. हे धोरण मी लिहिले, आणि या दालनात ते दुसऱ्या कोणास वाचता येत नाही.” ऐसे बोलोन बाईंनी हात मांडीवर ठेविले.

मडमेचे डोळे भरोन आले. ती उठली, तिने बाईंचे दोन्ही हात धरिले, आणि मग बसोन पुष्कळ वेळ लिहीत राहिली. लिहिणे सरल्यावर तिने सातव्या कलमाचा शेरा वाचोन दाखविला, आणि तो दिवाणसाहेबांस सांगावयाचे काम बाईंकडेच आले. शेरा ऐसा: “या राज्यात एक दुभाषी स्त्री प्रत्यक्ष दिवाणासमोर निर्भयपणे दिवाणास खोटे ठरविते आणि तिच्या केसासही धक्का लागत नाही. यापरता स्त्रीस्वातंत्र्याचा दाखला कोणता? दहापैकी दहा.” बाईंनी शब्दही न गाळता सांगितले. दिवाणसाहेबांचा चेहरा आधी उतरला, मग उजळला, आणि त्यांनी उठोन मडमेस नमस्कार केला. मडमेने जाताना बाईंस मिठी मारिली. नाव मात्र विचारिले नाही, आणि अहवालातही ते नाही.

फाल्गुनात मदत आली. बाई सनदेसाठी दिवाणवाड्यावर गेल्या, तेव्हा दिवाणसाहेबांनी बसा म्हटले, चहा पाजिला, आणि अगदी गोड बोलिले, “बाई, रागावलो नाही बरं मी. तुमच्या बोलण्यानं राज्याचं कल्याण झालं. पण सनदेचं आता कसं करायचं? सातवं कलम अमलात आहे असं त्यांनीच लिहून दिलंय. आज सनद दिली तर कालपर्यंत नव्हती असं होईल. राज्याला खोटं पाडायचं का आपण?” बाई म्हणाल्या, “मी पाडलं होतं, साहेब. ते पडलं नाही.” आणि त्या चहा तसाच ठेवोन उठल्या. पाडव्यास सनद त्रिंबकपंतांच्या जावयाचे नावे जाहली, आणि परीक्षेत दुभाषीपण उत्तम केले म्हणोन त्रिंबकपंतांस शालजोडी मिळाली. ती त्यांनी अंगावर घेतली आणि दिवाणसाहेबांस थँक्यू म्हणाले.

मग हुकूम जाहला की, एवढ्या यशाची बखर दप्तरी असावी आणि ती परीक्षेचे दुभाषी त्रिंबकपंत यांनी लिहावी. बखर मागच्या खोलीत, खाटेवर बसोन लिहिली गेली. सारांश इतकाच की, मदत आली, गुण आले, बारा खुर्च्या उचलोन कोठीत गेल्या, आणि धोरण ज्या भाषेत लिहिले त्याच भाषेत राहिले. दिवाणसाहेब बखर वाचणार नाहीत, शिक्का मारतील. भाऊजी न वाचताच सही करतात, म्हणोन इतके तरी लिहिता आले.

हस्ताक्षर दुभाषी त्रिंबकपंत यांचे.