'अंतिम' नावाची फाइल

आर्विड स्ट्रँड गुरुवारी गेले, आणि जाता जाता जावयाला कामाला लावून गेले.

जावई रॉय माकेला अमेरिकेतल्या दुलुथ शहरात, अंत्यविधी पार पाडणाऱ्या एका फ्युनरल होममध्ये कॉम्प्युटर सांभाळायचा. मालक गॉर्डन हॅग याचं एक फ्युनरल होम दुलुथला, दुसरं पूल ओलांडला की पलीकडच्या सुपीरियर गावी. दोन्हींना मिळून सर्व्हर एकच, दुलुथच्या तळघरात. गेलेल्या माणसाच्या फोटोंची फिल्म करून त्यावर ठेवायची आणि विधीच्या दिवशी हॉलमधल्या टीव्हीवर लावायची, अशी पद्धत. फिल्म हटकून अडकायची. गेल्याच महिन्यात एक आजीबाई दातात मक्याचं कणीस धरलेल्या अवस्थेत अडकल्या, आणि त्यांच्या डोक्याखाली उभे राहून पाद्री शाश्वत जीवनाबद्दल बोलत राहिले.

"बाबांचं असं झालेलं मला चालणार नाही," रॉयची बायको लिनेट म्हणाली. तिचे डोळे रडून सुजले होते. "आयुष्यभर कपाळाला आठ्या. कधी धड त्यांच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. एकदा शेवटचं त्यांना नीट बघू दे मला. बाकी काही मागत नाही मी तुझ्याकडे."

तिने बाकी बरंच काही मागितलेलं होतं, पण ती वेळ ते काढायची नव्हती.

खरं तर आर्विडना निरोप चर्चमध्येच द्यायचा. पण मार्चचा बर्फ वितळू लागला होता, चर्चचं छप्पर धो धो गळत होतं आणि वेदीसमोर बादल्या मांडल्या होत्या. जो माणूस वर्षानुवर्षं दर बुधवारी संध्याकाळी नेमाने छपराच्या दुरुस्ती-समितीच्या बैठकीला गेला, त्याला छपरापायीच चर्च मिळू नये! नशीब म्हणायचं, दुसरं काय.

रविवारी दुपारी रॉय तळघरात उतरला. शवपेटीची गाडी रोज जिच्यावरून जायची ती चेपलेली वायर काढून त्याने नवी टाकली. सर्व्हरला जास्तीची मेमरी दिली आणि शिस्त लावली: जी फाइल पुन्हा पुन्हा मागितली जाते, ती हाताशी धरून ठेव, दर वेळी डिस्कपर्यंत हेलपाटा नको. नाक्यावरच्या हॉटेलातली बाई नेहमीचं गिऱ्हाईक दिसलं की न विचारता त्याची कॉफी आणून ठेवते, तसंच. फक्त एक गोष्ट रॉयच्या ध्यानात आली नाही. नेहमीच्या खुर्चीत एखाद्या दिवशी दुसराच माणूस येऊन बसू शकतो, आणि या धंद्यात तर रोज दुसराच येतो.

कारण फ्युनरल होमची पद्धत अशी, की त्या दिवशीची फिल्म 'आज' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि फाइलला नाव द्यायचं 'अंतिम'. रोजचं 'आज' वेगळं, पण 'अंतिम' तेच.

मंगळवारी सकाळी रॉयने आर्विडची फिल्म 'आज'मध्ये ठेवली आणि लावून पाहिली. लोण्यासारखी चालली. सुरुवातीला बर्फात उभं एक शेंबडं पोर होतं, कानटोपी घातलेलं. त्या काळची इकडची सगळी पोरं तशीच दिसतात. रॉय समाधानाने कोट चढवायला गेला.

हॉल भरला. पुढच्या रांगेत सासूबाई सोल्वेग, शेजारी लिनेट, मग रॉय, मग आर्विडची बहीण बर्निसआत्या. लहानपणीचे फोटो आत्यानेच दिले होते. फिल्म सुरू झाली.

"हा कुत्रा कुणाचा?" आत्याने विचारलं.

"आत्या, हळू."

"अगं पण आमच्याकडे कुत्रा नव्हताच कधी!"

पाठोपाठ पडद्यावर एक गुटगुटीत तरुण आला, गळ्यात अकॉर्डियन. मग तोच तरुण टेबलावर चढून नाचताना, डोक्यावर बायकांची टोपी. मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. रॉयने तो चेहरा ओळखला. लिओ ब्रोझिक, सुपीरियरचा अकॉर्डियनवाला. कालच त्याला निरोप दिला होता. सर्व्हरने हाताशी धरून ठेवलेला कालचा 'अंतिम'!

"काय करून ठेवलंस तू?" लिनेट दातओठ खात पुटपुटली.

"मी फक्त वेग वाढवला गं."

"कुणाचा?"

रॉय पळायच्या बेताने उठला, पण लिनेटने त्याचा कोट पकडला. ती पडद्याकडे बघत होती. एका बारमध्ये लिओ अकॉर्डियन वाजवत होता, आणि त्याच्या मागे, कॉलर मोकळी सोडून, मान मागे टाकून एक माणूस खदाखदा हसत होता. क्षणात फोटो गेला.

"बाबा होते ते," लिनेट म्हणाली.

"छे! तुझे बाबा आणि हसतील?"

"माझ्या बाबांना मी ओळखत नाही? मागे घे. थांबव तिथे!"

थांबवायचं कशाने? मागे एकदा मयताच्या नातवंडांनी ऐन प्रार्थनेत टीव्हीवर हॉकी लावली होती. तेव्हापासून रिमोट गॉर्डनच्या खिशात, आणि गॉर्डन आज सुपीरियरला.

"फिल्म फिरून येईल पुन्हा," रॉय म्हणाला, "पण थांबणार नाही ती. मीच नीट केलीय ना."

"इतके दिवस रोज अडकत होती ना? मग आता अडकव! एवढं तरी कर माझ्यासाठी."

रॉय तळघरात धावला. नवी कोरी वायर मुठीत धरून, फोन कानाला लावून उभा राहिला. वर भाषण चालू होतं, आणि लिनेट हुंदके आवरत कुजबुजत होती, "कुत्रा आला... अकॉर्डियन... टोपी... अजून नाही... आता! रॉय, आता!"

रॉयने वायर उपटली.

तो वर आला. पडद्यावर आर्विड स्ट्रँड हसत होते. पाद्रींनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला होता. लिनेट रडत होती आणि बापाच्या चेहऱ्यावरून तिची नजर हलत नव्हती. एवढे दात आहेत आपल्या भावाला हे आत्यालाही नवीन होतं.

सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. आर्विडच्या डोक्यावर बारची पाटी होती: 'दर बुधवारी पोल्का नाच'. त्यांनी ती ओठ हलवत सावकाश वाचली.

"तरीच," त्या म्हणाल्या, "चर्चचं छप्पर अजून गळतंय."

रॉय त्यांच्यापाशी वाकला. "आई, वायर लावू का परत? बाबांची खरी फिल्म शोधून लावतो."

"राहू दे रे," सोल्वेग म्हणाल्या. "इतकी वर्षं बुधवारी मी एकटी जेवले. हे हसताना कसे दिसायचे, ते तरी बघू दे."