आधी आडनाव सांगा

यशवंतकाकांना चर्चची गोष्ट विचारली, की ते आधी तुमचं आडनाव विचारत. उदगीरकडच्या एका खेड्यातल्या जुन्या दगडी चर्चचे ते राखणदार.

लातूर जिल्हा नवा झाला होता, पाऊस रुसला होता, आणि कचेरीनं माझ्यासारख्या बिनकामाच्या कारकुनाला जुन्या वास्तूंची माहिती आणायला पिटाळलं होतं. गावात पाणी उरलं होतं ते चर्चच्या विहिरीलाच. आधी विहीर खणली, मग तिच्यातल्या दगडांचं चर्च उभं राहिलं, एवढं सगळ्यांना मान्य. पण चर्च बांधणाऱ्या पाद्रीबाबाला विहिरीची जागा दाखवली कुणी? इथं गोष्ट आडनावागणिक वळण घेई.

दुकानदार शिवअप्पांना काका सांगत, "तुमच्या पणज्याच्या सपनात नंदी आला, अन् हितंच बसला." पाटलीणबाईंना सांगत, "जमीन तुमच्याच घरची." रहीमचाचांना सांगत, "फकिरानं काठी रोवली, अन् वल लागली." माझ्या आडनावावरून त्यांना काही थांग लागेना, म्हणून मला तिन्ही ऐकवल्या. वर म्हणाले, "लिवा सायेब, पन शिसपेन्सिलीनं."

मी पडलो हुशार. नंदीची गोष्ट झकास वाटली, ती शाईनं उतरवली आणि विहिरीवरच्या रांगेला मोठ्यानं वाचून दाखवली.

"म्हंजी इहीर अप्पाची?" पाटलीणबाई कडाडल्या. "अन् आमी काय उसनं पाणी नेतोय का?"

"आता आधी आमची घागर," अप्पांनी दोर धरला.

"अरे, फिर हमारा फकीर किदर गया?" चाचांनीही दोर धरला.

काका धावत आले. "सायेब नवा, जिल्हा नवा. कचेरीत अजून खुर्च्या लागल्या न्हाईत, गोष्ट कुठून नीट लागंल? सपान अप्पाच्या घरचं, जमीन पाटलाची, काठी फकिराची. शेंदा आता!"

दोर सुटला, रांग सरकली. मी काकांना चर्चच्या पायरीवर गाठलं.

"खरं सांगा, खणली कुणी?"

"माझ्या आज्यानं," ते हळूच म्हणाले. "गावकुसाभायेरचा माणूस. त्याच्याच पहारीला पाणी लागलं."

"मग गोष्टीत तो का नाही?"

काकांनी रांगेकडे पाहिलं. "त्याला घेतला तर निम्म्या घागरी रिकाम्या परत जातील, सायेब. असल्या दुष्काळात आजा मिरवू का?"

मी आजोबांचं नाव विचारलं. काकांनी चौफेर नजर टाकली, माझ्या कानाशी वाकले आणि सांगितलं. कैक वर्षांत ते तोंडातून निघालंच नसावं, तसा आवाज अडखळला.

मग मान फिरवून म्हणाले, "झालं. आता तुमीबी इसरून जा."