दोन हजारांच्या आतलं म्हातारपण

माणसाच्या हाती पैसा खुळखुळू लागला की त्याच्या मनात बेत येतात, आणि उतारवयात बेत प्रकृतीला मानवत नाहीत. हे ओळखूनच आमच्या राज्याने शुश्रूषागृहातल्या प्रत्येक रहिवाशाला महिन्याला साठ डॉलर हातखर्चाला ठेवले आहेत. बाकीचं पेन्शन आम्ही घेतो (सांभाळतो म्हणून). त्या साठांचा हिशेब मी, डेल ओस्ट्रँडर, एकवीस वर्षं ठेवतो आहे. एका सेंटची चूक दाखवा.

नियम सोपा आहे. खात्यात दोन हजारांवर शिल्लक गेली की रहिवासी श्रीमंत ठरतो आणि सरकार त्याचा खर्च उचलायचं थांबतं. म्हणून अठराशे झाले की मी पत्र देतो : पैसे त्वरित संपवावेत. उधळपट्टीला इतकं शिस्तशीर उत्तेजन दुसरीकडे कुठे मिळत असेल असं मला वाटत नाही.

बारा नंबरच्या खोलीतल्या विल्मा क्रायचेकबाई, वय सत्त्याऐंशी, मात्र पैसे साठवत बसल्या. दोनशे मैलांवरच्या अशाच एका गृहात त्यांची थोरली बहीण लुडमिला आहे. अकरा वर्षांत भेट नाही. चाकाची खुर्ची चढवता येईल अशी गाडी आणि सोबतीला परिचारिका, जाऊन-येऊन दोन हजार चारशे.

"अरे डेल, चारशेसाठी अडवतोस होय रे?"

"मी कोण अडवणारा, बाई? नियम आहे."

"मग त्यालाच सांग ना, ये म्हणावं आणि ढकल माझी खुर्ची."

पहिल्या पत्रानंतर आम्ही त्यांना आरामखुर्ची घेऊन दिली (त्यांना चाकाच्या खुर्चीतून एकट्याने उठता येत नाही). अडीच वर्षांनी दुसरं पत्र, त्यातून मोठा टीव्ही (दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू). तपासनिसांनी माझ्या फायलीवर 'उत्कृष्ट' असा शेरा मारला. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

तिसऱ्या पत्राला बाई स्वतः कचेरीत आल्या.

"मर्यादा कशाला नाही, तेवढं सांग."

मी पुस्तक काढून पाहिलं. "अंत्यविधीला. आगाऊ भरलेले पैसे शिलकीत धरत नाहीत."

"मग मला लुडमिलाच्या गावी पुरा."

शववाहिका, चालक, फुलं, आणि बहिणीपुढे दोन तास पेटी उघडी ठेवणं. अठराशे आगाऊ, बाकी हप्त्याने. मंजुरी चौथ्या दिवशी आली.

"म्हणजे जायला मिळणार, फक्त बोलता यायचं नाही," बाई म्हणाल्या. मला वाईट वाटलं. ते नोंदवायला फॉर्मवर जागा नाही.

अंत्यविधीच्या कागदांना नातेवाइकांची यादी जोडावी लागते. मुलगा, सून, नातू. तिघांकडे मोटारी आहेत, आणि तिन्हींत घडीची चाकाची खुर्ची मावते. सहा वर्षं ते फोनवर सांगताहेत, 'जमलं की नेऊ' (चौदा वेळा, तारखांसह नोंद आहे). अंत्यविधीला मात्र तिघांनीही येतो म्हणून, आमचं पत्र मिळालं त्याच दिवशी कळवलं. मुलाने तर रजा टाकायला दिवस नक्की कधीचा, हेही विचारलं.

तुम्हाला त्यांचा राग आला असेल. येऊ द्या. तुमच्या आईची फाइलही याच कपाटात आहे. नातेवाइकांच्या रकान्यात एकच नाव आहे, तुमचं. फोन नंबर तोच आहे ना? वेळ आली की आम्ही कळवूच.