मास्तरांचं त्रैराशिक आणि यशोदाबाईंची म्हैस

"तू निवांत जा! परत येशील तेव्हा म्हैस बादली भरून दूध देत असेल!" १९९१ सालच्या त्या सकाळी बायकोला शिरपूरच्या एस.टी.त बसवताना अभिमन मास्तर छातीठोकपणे म्हणाले. यशोदाबाई दोन दिवस लेकीकडे निघाल्या होत्या. म्हैस त्यांची, माहेरची. पारडी होती तेव्हा आणलेली. मास्तर निवृत्त होऊन नुकते कुठे गोठ्यात शिरले होते.

डेअरीतल्या माणसाने त्यांना यीस्टची पुडी दिली होती. "आंबोणात चमचाभर घाला, पचन सुधारतं." मास्तरांनी लगेच त्रैराशिक मांडलं: पचन सुधारलं, तर खुराकही वाढायला हवा! चमचाभर यीस्ट, चौपट सरकी-ढेप, वर मक्याचा भरडा. कडब्याला सुट्टी!

दुसऱ्या सकाळी म्हैस नगाऱ्यासारखी फुगली. रवंथ बंद, मान खाली. शेजारच्या मगनने गुरांच्या डॉक्टरांकडे सायकल पिटाळली. जाताजाता ओरडला, "मास्तर, हिले बसू देऊ नका! चालवत ऱ्हा!"

मास्तर म्हैस घेऊन रस्त्यावर आले.

"मास्तर, म्हैस इकाले काढी का?" पारावरून चिंधाने विचारलं.

"नाही हो, विकायची नाही! फिरवतोय!"

"कितलाले?" चिंधा थेट भावावर आला.

तिसऱ्या फेरीला एक व्यापारी दात बघायला आला. चौथ्या फेरीला म्हैस विकल्याची बातमी दुधाच्या गाडीबरोबर शिरपूरला पोहोचली. दुपारच्या एस.टी.ने यशोदाबाई हजर!

"मनी म्हैस कोनले इकी? बठ्ठा गाव सांगी ऱ्हायना!"

मास्तरांनी दोरी पुढे केली. म्हशीकडे नजर जाताच यशोदाबाईंचा राग विरला. त्यांनी तिच्या डाव्या कुशीला कान लावला. आत चिडीचूप. त्यांचे डोळे भरले.

डॉक्टर आले, औषध पाजलं. "मास्तर, हिच्या पोटात कोट्यवधी बारीक जीव चारा आंबवत असतात. यीस्ट त्यांच्या मदतीला. तुम्ही आचारी एक वाढवला आणि वऱ्हाड चारशेचं आणलं!"

दिवस कलताना म्हशीने दणदणीत ढेकर दिली. मग जबडा हलला. रवंथ!

मास्तरांनी हळूच तिच्या कुशीला कान लावला. आत दूरवर गाडा चालल्यासारखी घरघर होती. तीस वर्षं मुलांना 'म्हैस रवंथ करते' हे फळ्यावर लिहून दिलं. ऐकलं मात्र आज.

"काय म्हनस म्हैस?" यशोदाबाईंनी विचारलं.

"मला काहीच म्हणत नाही," मास्तर खाली बघत म्हणाले. "तुलाच विचारतेय, मला कोणाच्या भरवशावर सोडून गेलीस?"